एकट्याने सुटत नाही

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. नाटकात ते हशा पिकवण्यासाठी येते आणि प्रेक्षक हसतातही. गडकरी गेल्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. तेव्हापासून सुधाकर-सिंधूच्या संसारासाठी मराठी माणसाने पुष्कळ अश्रू ढाळले. त्या विनोदी मंडळाकडे मात्र कोणी फारसे गंभीरपणे पाहिले नाही. मला तर नाटकातली सर्वांत खरी जागा तीच वाटते. दारू ही निदान सुरुवातीला तरी एकट्याने प्यायची वस्तू नव्हे. तिला मंडळ लागते. मंडळात हुद्दा विचारत नाहीत, उधारी चालते, रडलेले चालते, तेच तेच पुन्हा सांगितलेले चालते. वकिलीची सनद काही काळापुरती गेली म्हणून अपमानाने पेटलेल्या सुधाकरच्या हाती पहिला पेला देतो तो त्याचाच कारकून. वकील आणि कारकून एका पंगतीला बसले, असे त्या काळात आणखी कुठे घडत होते?

नाटकाच्या मध्यावर सुधाकर दारू सोडतो. त्याचा निश्चय खरा असतो, त्यात ढोंग नाही. मग तो कामधंदा शोधायला बाहेर पडतो, तर जुन्या ओळखीची माणसे त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. शंभर वर्षे आपण याला मनाचा दुबळेपणा म्हणत आलो. पण त्याच नाटकात भगीरथ नावाचा दुसरा पिणारा आहे आणि तो सुटतो. रामलाल त्याला हाताला धरून बाहेर काढतो, चार माणसांच्या कामाला लावतो. सुधाकरचे एक मंडळ सुटले, त्या जागी दुसरे मिळाले नाही. गडकऱ्यांनी हे सिद्धांत म्हणून मांडलेले नाही. नाटककाराचे ते कामही नसते.

हा विचार मला नाटक वाचून सुचला असे म्हणालो तर ते खोटे होईल. तो सुचला बँकेच्या तिजोरीपाशी. १९९२ साली मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली हेडकॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघेही हजर असल्याशिवाय दार हलत नाही. आमचे हेडकॅशियर वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अक्षर मोत्यासारखे, नोटा मोजताना बोटे दिसत नसत. पण सकाळी दहाला ते किल्ली लावायचे तेव्हा किल्ली भोकाभोवती फिरत राहायची, इतका हात थरथरायचा. साडेदहाला ‘जरा जाऊन येतो’ म्हणून ते मागच्या दाराने जात आणि परत येत तेव्हा हात स्थिर असे. सगळ्या शाखेला ठाऊक होते. वरिष्ठांनी त्यांना दोनदा समज दिली, एकदा चार्जशीट दिली, एकदा वेतनवाढ रोखली. प्रत्येक वेळी त्यांनी मुलांची शपथ घेतली. बायकोने सोळा सोमवार केले, गाणगापूर केले, कोणी सांगितले म्हणून जेवणातून एक पावडरही घातली. शपथ तीन आठवडे टिके, फार तर पाच.

त्यांना पुढे कोणी सावरले असेल तर आमच्या एका बचत खातेदाराने. प्राथमिक शाळेतले मास्तर. पासबुक भरून घेताना त्यांनी तो हात पाहिला आणि काउंटरवरून हळूच म्हणाले, “साहेब, माझापण असाच व्हायचा. शनिवारी माझ्याबरोबर जिल्ह्याला येता का? एसटीचं तिकीट मी काढतो.” उपदेश केला नाही, पत्रक दिले नाही. हेडकॅशियर गेले. का गेले, हे मी त्यांना पुढे विचारले होते. ते म्हणाले, “आजवर जो भेटला तो काठावर उभा राहून हाका मारत होता. हा माणूस पाण्यातून चालत आला होता.” आता ते हयात नाहीत. लिहा, पण नाव घालू नका, एवढे त्यांनी मला बजावून ठेवले होते.

शनिवारी ते जिथे गेले ती ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची, म्हणजे बोलीत ‘एए’ची मीटिंग होती. आपल्याकडे हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. मूळ अमेरिकेतले, आणि त्याच्या जन्माची कथा मोठी विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपन्यांचा अभ्यास करून पोट भरणारा बिल विल्सन नावाचा मनुष्य दारूने पुरता बुडाला होता. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात असताना त्याला काहीएक आध्यात्मिक अनुभव आला आणि त्याची दारू सुटली. मग नव्या भक्ताच्या उत्साहाने तो दिसेल त्या दारुड्याला तो अनुभव सांगत सुटला. पाच महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी सुचवले की प्रवचन कमी कर आणि या आजाराबद्दल बोल. बायको म्हणाली, कोणी नाही तरी तू स्वतः कोरडा राहिलास ना?

मे १९३५ मध्ये तो एका कंपनीच्या सत्तेच्या भांडणापायी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. भांडणात हरला. खिशात फारसे पैसे नाहीत, गाव परके, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला गजबजलेला बार. त्या क्षणी त्याला एक गोष्ट लख्ख कळली: आपल्याला आत्ता दुसरा दारुडा हवा आहे. त्याला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. चर्चच्या यादीवरून फोन फिरवत फिरवत तो डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचला. डॉक्टर बायकोच्या आग्रहाखातर आले ते ‘पंधरा मिनिटेच’ असे बजावून. दोघे सहा तासांवर बोलत बसले. डॉक्टरांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. आपली स्वतःची कहाणी सांगून ‘मला तुमची गरज आहे’ म्हणणारा पहिलाच. पुढे डॉक्टर एकदा घसरलेही. १० जून १९३५ रोजी त्यांना शस्त्रक्रियेला जायचे होते, हात थरथरत होता, तेव्हा हात ठरावा म्हणून विल्सननेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती त्यांची शेवटची. संस्था आपला जन्म त्याच दिवशी मानते. दारूमुक्तीच्या चळवळीचा वाढदिवस एका बाटलीपाशी येऊन टेकतो, ही गोष्ट मला फार माणसासारखी वाटते.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या मीटिंगांना मी पुढे अनेक वर्षे जात राहिलो. प्रथम हेडकॅशियर बोलावत म्हणून, नंतर माझ्या कादंबरीकाराच्या हावरेपणाने, आणि मग सवयीने. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असा दंडक आहे आणि तो मी इथेही पाळतो आहे. पण खोलीचे वर्णन करायला हरकत नाही. बहुधा शाळेचा वर्ग. बाके लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. फळ्यावर दुपारचे गणित तसेच. एकेक जण उठतो, फक्त पहिले नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि बोलतो. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरेरे’ही म्हणत नाही. बहुतेक कहाण्या रटाळ असतात हेही सांगितले पाहिजे. तेच कर्ज, तेच मंगळसूत्र, तोच गटाराकाठ. एखाद्या वेळी मात्र अशी काही विनोदी हकिकत निघते की सगळा वर्ग खो खो हसतो, आणि नवख्या माणसाला धक्का बसतो, कारण हकिकत त्याने आयुष्यभर लपवलेल्या लाजेची असते. चहा वाटणारा नवख्याला ओळखतो कसा, हे मी लक्ष देऊन पाहिले आहे. नवख्याला तो कप अर्धाच भरून देतो. पूर्ण कप थरथरत्या हातात सांडतो आणि मग तो माणूस पुढच्या शनिवारी येत नाही.

बँकेतल्या माणसाची नजर शेवटी पैशाकडे जातेच. मीटिंगच्या अखेरीस एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकावेत. खोलीचे भाडे, चहा, पुस्तके यांची सोय त्यातून होते. बाहेरच्या माणसाचे पैसे घेत नाहीत. मी एकदा शंभराची नोट काढली, तर पिशवी माझ्यासमोरून नम्रपणे पुढे गेली. यामागेही इतिहास आहे. सुरुवातीच्या दिवसांत संस्थापकांनी जॉन डी. रॉकफेलर धाकट्यांकडे मोठ्या रकमेची आशा धरली होती. १९३८ मध्ये त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि सांगितले की जास्त पैसा या कामाचा नाश करील. १९४० साली त्यांनी धनिकांना मेजवानी दिली. त्या रात्री संस्थापकांना वाटले, आता ददात मिटली. तिथे यजमानांच्या वतीने सांगण्यात आले की या कामाला पैशाची गरज नाही! संस्थापक हिरमुसले. पण धडा असा मुरला की १९४८ मध्ये मृत्युपत्राने आलेले दहा हजार डॉलर संस्थेने स्वतःच नाकारले, आणि १९५० सालच्या क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांत ‘बाहेरची देणगी नको’ हा नियम कायमचा बसला. ठेवींसाठी लोकांच्या दारात उभे राहण्यात माझी अडतीस वर्षे गेली. घरी आलेली ठेव परत पाठवणारी संस्था मी दुसरी पाहिलेली नाही. मालमत्ता नाही म्हणून भांडण नाही, अध्यक्ष नाही म्हणून निवडणूक नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचे काय झाले हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना याची किंमत कळेल.

आता श्रद्धेचा प्रश्न. एएच्या बारा पायऱ्यांत देव आहे, आणि तिथेच अनेक सुशिक्षित माणसे अडतात. ही अडचण पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्याच घरात आली होती. १९३९ साली पुस्तक छापायचे ठरले तेव्हा देव ठासून हवा म्हणणारे आणि मुळीच नको म्हणणारे असे दोन तट पडले. तडजोड अशी झाली की देव ज्याला जसा उमगेल तसा. नाही उमगला तर आपल्याहून मोठी अशी कुठलीही शक्ती. आमच्या युनियनमधला एक कट्टर नास्तिक कार्यकर्ता त्या खोलीत वर्षानुवर्षे बसला. मी त्याला छेडले, तुझी ती मोठी शक्ती कुठली? तो म्हणाला, “खोलीत चौदा माणसं बसतात. चौदा हे एकापेक्षा मोठे असतात, एवढं गणित मला येतं.”

हेडकॅशियर मात्र माळकरी घराण्यातले. दारूपायी त्यांनी माळ उतरवून ठेवली होती. मराठी मुलखाला ही दुसरी वाट फार जुनी आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस आणि दारू सुटली, हा खेड्यापाड्यांत आजही पाळला जाणारा रिवाज. त्यातही नुसती माळ काम करत नाही असे माझे निरीक्षण आहे. ती सगळ्या गावाला दिसते, आणि आषाढात दिंडीतले लोक शेजारी चालत असतात, रात्री एकाच तंबूत पाठ टेकतात. वारीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात. समोरचा कोण, काल काय करत होता, ही चौकशी त्यात नसते. हेडकॅशियरांनी कोरडेपणाच्या तिसऱ्या वर्षी माळ पुन्हा घातली. मी विचारले, इतका उशीर का? म्हणाले, “आधी माणसांवर विश्वास बसू दे म्हटलं. पांडुरंग काय, विटेवर उभाच आहे.”

हा क्रम माझ्या मते महत्त्वाचा आहे. आपण समजतो की आधी श्रद्धा येते, मग बळ येते, मग माणूस चारचौघांत येतो. मी पाहिले ते उलट्या दिशेने. आधी खुर्ची, चहा, शनिवारची ठरलेली वेळ. मग स्वतःहून बरा झालेला एखादा दिसतो. मग ‘याला जमले तर’ अशी एक बारीक शंका मनात शिरते. श्रद्धेची सुरुवात अशी शंकेसारखी असते. संशोधकांनाही काहीसे असेच आढळले आहे. जॉन केली आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यात बहुतेकांच्या बाबतीत एएचा गुण येतो तो संगत बदलल्यामुळे आणि मोहाच्या जागी आपण टिकू असा भरवसा वाढल्यामुळे, असे दिसले. व्यसन ज्यांचे फार खोल गेलेले आहे त्यांच्यात मात्र अध्यात्माचा वाटाही मोठा होता. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे होती. संपूर्ण दारू सुटण्याच्या कसोटीवर या वाटेने नेणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. इतर कसोट्यांवर साधारण बरोबरीचे.

म्हणून डॉक्टर नकोत असे कोणी समजू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत त्याला भास होऊ लागतात, आकडी येऊ शकते, प्रसंगी जीवही जातो. ते पहिले दिवस रुग्णालयाचेच. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने या दोन गोष्टींची सांगड आपल्या मातीत घातली. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक पाठबळ देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये केंद्र उभे केले. १९९७ मध्ये त्या गेल्या, २०२२ मध्ये अवचटही गेले. काम चालू आहे. तिथे बरे झालेल्यांतले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. अ‍ॅक्रनच्या त्या सहा तासांतले सूत्र हेच होते.

आणि सिंधू? आपण तिला पतिव्रता म्हणून वंदन करत आलो. नवऱ्याच्या हातून लेकरू मरते तरी ती त्याच्यावर आळ येऊ देत नाही. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्र हेलावला. पण दारुड्याच्या घरात ही झाकपाक रोजची असते. ‘बरं नाही’ म्हणून ऑफिसात खोटा निरोप धाडायचा, उधारी फेडायची, माहेरी हसून बोलायचे. त्या झाकपाकीतून दारूची सोय होते, हे सिंधूला कोणी सांगितले नाही. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली अशा घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू केली. मुक्तांगणात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. आमच्या हेडकॅशियरांच्या पत्नी अल-अ‍ॅनॉनला जाऊ लागल्या तेव्हा नवरा अजून पीतच होता, अधूनमधून घसरत होता. एका सोमवारी त्यांनी बँकेत फोन केला आणि मला म्हणाल्या, “भाऊ, हे आज येणार नाहीत. काल प्यालेत.” वीस वर्षांत त्यांनी प्रथमच खरे कारण सांगितले होते. मी फोन ठेवला तेव्हा मला त्यांचा राग आला नाही, दयाही आली नाही. एक जाणते माणूस बोलले, असे वाटले. त्यानंतर चार महिन्यांनी हेडकॅशियरांची दारू सुटली ती शेवटपर्यंत.

सगळ्यांचे असे होत नाही. बरेच जण दोन मीटिंगांनंतर दिसत नाहीत. काहींना तिथली भाषा चर्चची वाटते, काहींना आपली लाज परक्यांपुढे मांडणे जमत नाही. पिणाऱ्या बायका तर आपल्याकडच्या खोल्यांत फारच थोड्या. पुरुषाच्या दारूला आपल्या समाजात हसून माफी आहे, बाईच्या दारूला दारच नाही. मला माहीत असलेल्यांपैकी दोघे बारा-बारा वर्षे कोरडे राहून पुन्हा प्याले आणि गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खा गट होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा मला या लोकांची धास्ती वाटली होती. दुकाने बंद, दारू नाही, हे इतरांना बरे वाटत होते. पण शाळाही बंद, म्हणजे शनिवारही बंद. हळूहळू मीटिंगा फोनवर भरू लागल्या. मास्तर एव्हाना ऐंशीच्या घरात. नातवाने त्यांना मोबाइल लावून दिला. त्यांना आपला आवाज बंद कसा करायचा ते कळेना, म्हणून मीटिंगभर त्यांच्या स्वयंपाकघरातला कुकर सगळ्यांना ऐकू येई. कोणी तक्रार केली नाही. मे महिन्यात दुकाने उघडली आणि रांगा लागल्या, त्या दिवशी फोन रात्री उशिरापर्यंत चालू राहिला.

शाळा उघडल्यावर गट पुन्हा त्या लहान बाकांवर बसू लागला. दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांतला एक जण तिसऱ्या महिन्यात दारात येऊन उभा राहिला, दाढी वाढलेली, नजर खाली. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, किटली त्याच्या हाती दिली आणि कप मोजायला लागले.